बसलेल्या बाईचा रोज

कंदील विझला तेव्हा दत्तू पेवाच्या तळाशी होता. वर तोंडाशी दोर धरून उभ्या असलेल्या इब्राहिमला त्याने खालून हसत सांगितलं, "त्याल सपलं रं गड्या!"

इब्राहिमही हसला. लढाईचे दिवस होते. रॉकेल कंट्रोलवर मिळायचं, तेही रांगेत उभं राहून. कंदील मधेच विझणं यात कुणाला नवल वाटत नव्हतं. तो म्हणाला, "मग अंधारात भर पाटी. हळद काय पळून जाती व्हय?"

पेवाच्या तोंडापासून चार हातांवर लिंबाच्या सावलीत दत्तूची बायको रखमा पाय पसरून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. ती काहीही काम करत नव्हती आणि तिला त्या दिवसाचा पुरा रोज, म्हणजे दिवसभराची मजुरी, मिळणार होता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "त्याल न्हाई सपलं."

"सपलं असंल की."

"सकाळी मी भरलंय. काठोकाठ. माझ्या हातानं."

इब्राहिमचं हसू तिथेच थांबलं. रखमा उठली. पोटुशी बाई हाताचा टेकू देऊन उठते तशी नाही, एकदम उठली, आणि पेवाच्या तोंडावर वाकून ओरडली, "आवं! वर या!"

खालून जरा वेळ काहीच आलं नाही. मग दत्तूचा आवाज आला, जड, ताडी प्यायल्यासारखा. "येतो. वाईच बसतो."

पेवात उतरलेला माणूस वाईच बसतो म्हणाला, की आतलं वारं वाईट झालं असं समजायचं.

आता पेव म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्लीच्या लोकांनी हळद पुडीतच पाहिलेली असते. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. सांगलीजवळ हरिपूरला नदीकाठची माती इतकी घट्ट आहे, की विहिरीएवढा खड्डा खणला तरी कड ढासळत नाही. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत मडक्यासारखं पोट. आतून उसाचा पाला लावायचा, त्यात हळद ओतायची, तोंडावर फळ्या टाकून मातीने लिंपून टाकायचं. मग ती हळद वर्ष-दोन वर्षं तशीच राहते. कीड लागत नाही, कारण कीड जगायला आत वारंच नसतं. माणसाला तरी कुठून असणार? म्हणून पेव उघडलं की आधी ते तसंच उघडं टाकतात. मग दोराने कंदील सोडून बघतात. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरतो, आणि काम चालू असेपर्यंत कंदील त्याच्या गुडघ्यापाशी टांगलेला असतो. तो विझला की पाटी टाकून वर यायचं. एवढाच नियम. पण लढाईने रॉकेल महाग केलं आणि विझलेल्या कंदिलाला माणसं तेलाचा दोष द्यायला लागली.

खाली उतरायचे ते पुरुष. आम्ही आठ बायका वर, वखारीच्या अंगणात. वर आलेल्या हळदीतून हळकुंडं वेगळी, गोल गड्डे वेगळे, तुटकी कणी वेगळी, मुळ्या चोळून काढायच्या, चाळायचं, पोत्यात भरायचं. संध्याकाळी हात पिवळे, पदर पिवळा, पापण्या पिवळ्या, थुंकी पिवळी. नवरीला जन्मात एकदा हळद लागते तर केवढी गाणी म्हणतात. आम्हाला रोज लागायची आणि वखारीचे दिवाणजी ओरडायचे.

माझं माहेर वडूजकडचं. तिकडे पाऊस विचारून पडतो आणि बहुतेक वेळा नाही म्हणतो. चौथीपर्यंत शिकले, मग हरिपूरला लग्न झालं आणि नवरा पलटणीत गेला. घरात सासू, दीर, जाऊ. मी हळद निवडणाऱ्या टोळीत गेले तेव्हा सगळ्यांत लहान होते. मला सगळ्या तानी म्हणायच्या.

आमची मुकादमीण भागूअक्का. साठीची, काटकुळी, तोंडाने फटकळ. माणसाची पत न बघता बोलायची, म्हणून सगळे तिला भ्यायचे. वखारीचे मालक अण्णा मात्र भ्यायचे नाहीत. ते तिच्याशी हिशेबाने बोलायचे, आणि ती त्यांच्याशी.

हळद ही देवाची वस्तू, लग्नाची वस्तू. म्हणून कावळा शिवलेल्या, म्हणजे पाळी आलेल्या, बाईने तिला हात लावायचा नाही असा अण्णांचा नियम होता. मला विचाराल तर हळदीला त्यातलं काही कळत नाही. ती शेणखतात वाढते, बैलांच्या पायाखालून बाजारात येते आणि हमालांच्या घामाने भिजते. एवढं होऊन ती बाटत नाही, मग आमच्या बोटांनी कशी बाटेल? पण नियम होता. अक्काने मी यायच्या आधीच अण्णांना विचारलं होतं, "तुमी हात लावू देत न्हाईसा, मग त्या दिसांचा रोज कोण देणार? कावळा?"

अण्णांनी विचार केला. रोज कापला तर बाया लपवणार. लपवून हात लावणार. मग एखाद्या बड्या घरच्या लग्नात आपली हळद विटाळलेली जाणार. त्यापेक्षा रोज दिलेला बरा. तेव्हा ठरलं, की बाईने चार दिवस लिंबाखाली बाजूला बसायचं, सकाळ-संध्याकाळ हजेरीला तोंड दाखवायचं आणि रोज पुरा घ्यायचा.

म्हणजे आम्ही खोटं बोलू नये म्हणून दिलेले ते पैसे. मग आम्ही दुसऱ्या बाजूने खोटं बोलायला लागलो.

त्याचं असं झालं. तरण्या बायकांना महिन्याला चार दिवस बसायला मिळायचे. अक्काचं केव्हाच थांबलेलं, तिला एकही नाही. आणि रखमाला दिवस गेले. जिला बसायची खरी गरज, तिचंच बसणं बंद झालं. ती ओकाऱ्या काढत गड्डे निवडायची आणि मी धडधाकट लिंबाखाली लोळायची. एकदा ती कुंपणाकडे जाऊन ओकून आली, तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तुजं बरं हाय गं तानी. कावळा तरी शिवतोय."

अक्काने ते ऐकलं. दुपारी भाकरी सोडल्यावर म्हणाली, "आजपास्नं समद्यास्नी चार-चार दिस. शिवू दे न्हाईतर न शिवू दे."

"आन् दिवाणजीनं इचारलं तर?" अमिना म्हणाली. अमिना म्हणजे इब्राहिमची बायको. तिला आमचा हळदीचा विटाळ मुळीच मान्य नव्हता, पण रोज मिळतो म्हटल्यावर तिने तो आमच्यापेक्षा कडक पाळला होता.

"बापय मानूस काय इचारतोय?" अक्का म्हणाली. "त्याच्या तोंडातनं शब्द तरी फुटंल का?"

माझा नातू कॉलेजात शिकवतो. मागे एकदा जेवताना म्हणाला, "आजी, जगात वाद चाललाय. सगळ्यांना काम न करता काही पैसे द्यावेत की नाही यावर." मी म्हटलं, आमच्या वखारीत ते होऊन गेलंय. त्याला वाटलं आजीचं वय झालं. म्हणून लिहायला बसले.

असा वाद घालणाऱ्या लोकांना मोठी भीती असते, की फुकट मिळालं की माणूस आळशी होतो. होतो की. पहिल्या फेरीला आम्ही सगळ्या झोपलो. मी तर अशी झोपले, की हजेरीला मला हलवून उठवावं लागलं. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी झोपले नव्हते. दुसऱ्या फेरीलाही झोपले. तिसऱ्या फेरीला झोप येईना. मग वाण्याकडच्या गुळाच्या पुड्यांचे कागद गोळा करून वाचायला लागले. बातमीचा अर्धा तुकडा असायचा. बोट बुडाली की वाचली, मंत्री पडला की राहिला, काही कळायचं नाही. उरलेलं मी मनाने लावायचे. चौथीनंतर बंद पडलेलं वाचन असं चालू झालं. सासूला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने बसल्या हातांना शेंगा फोडायला दिल्या असत्या.

अमिना वाकळा शिवायची. बसायच्या दिवशी सुई-दोरा आणि जुनी लुगडी घेऊनच यायची. गावातल्या वाकळा शिवून वर शिलाई घ्यायची. हौसा नावाची एक होती, तिला हे खपेना. "बसायचा रोज घेती आन् वर शिलाई घेती! दोन्हीकडनं खाती ही!"

"मग तू बी शिव," अमिना म्हणाली. "सुई काय मी माहेरास्नं आंदण आनलीय व्हय?"

भांडण अक्कापुढे गेलं. अक्का म्हणाली, "दिस तिचा हाय. ती निजंल न्हाईतर डोंगर खणंल. तुजं काय जातंय?"

पण हौसाची खरी पंचाईत निराळीच होती. तिला बसताच येत नव्हतं. तिचा बसायचा दिवस आला की ती आमच्या पाठीशी उभी राहून, हात मागे बांधून, आमच्या चुका काढायची. "तानी, ते हळकुंड तिकडं. तो गड्डा हाय, दिसत न्हाई?" दोन दिवसांत आम्ही हात जोडले, की बाई, तू कामाला बस आणि आमच्यातली कुणी तरी बसू दे. ती खूश होऊन कामाला बसली. तशी माणसंही असतात. त्यांना बळजबरीने बसवू नये.

आणि चंपा. ती बसायच्या दिवशी गावभर फिरायची आणि इकडचं तिकडे सांगायची. तिच्या जिभेने एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हा बसून सगळ्यांचं भलंच झालं असं मी म्हणणार नाही.

अक्का स्वतः काय करायची? काही नाही. तोंडात तंबाखूची चिमूट, पाठ लिंबाला, नजर रस्त्यावर. मी एकदा विचारलं, "आक्का, काय बघता?"

"काय न्हाई."

"मग?"

"काय न्हाई बघायला लय वर्सांनी मिळालंय. सरक, सावली आडवतीस."

तिने शेवटपर्यंत त्या दिवसांचा काडीचाही उपयोग केला नाही. मला तेच सगळ्यांत आवडायचं.

दिवाणजी म्हणजे अण्णांचे कारभारी. बारीक, चष्मेवाले, सोवळ्यातले. मनाने वाईट नव्हते, पण रिकामा माणूस दिसला की त्यांच्या पोटात दुखायचं. सुरुवातीला ते फसले. लिंबाखाली कुणी दिसली की मान दुसरीकडे करून जायचे. एकदा अमिना बसलेली दिसली तेव्हा चुकून विचारून गेले, "ही का बसली?"

"कावळा," अक्का म्हणाली.

दिवाणजी टोपी सारखी करत जे गेले, ते आठवडाभर अंगणात आले नाहीत.

मग अक्काचा बसायचा दिवस आला. पांढऱ्या केसांची, दात पडलेली बाई लिंबाखाली बसलेली बघून दिवाणजी थांबले. पुढे गेले. परत आले. त्यांच्या घरीही आई होती, एवढा हिशेब त्यांना येत होता.

"अक्का," ते लांबूनच म्हणाले, "तुम्ही?"

"व्हय."

"म्हणजे... कावळा?"

"मग काय घार?"

"अहो पण... तुमचं वय काय?"

"कावळा काय वय इचारून शिवतोय व्हय, दिवाणजी? त्याला काय कळतंय, पाखरू हाय त्ये!"

आम्ही सातजणींनी तोंडात पदर कोंबले. दिवाणजी लाल झाले. तरी गप्प राहिले असते. पण पुढच्या महिन्यात रखमा बसली. पोट हनुवटीला लागायचं तेवढं राहिलं होतं. दिवाणजींनी तिच्याकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं, मग अक्काकडे.

"हिलासुद्धा कावळा?"

अक्काने एवढंच म्हटलं, "तुमी लय बारीक बघतासा."

दिवाणजी सरळ पेढीवर गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी अक्काला बोलावलं. अक्काने मला बरोबर नेलं, कारण मला वाचता यायचं आणि तिला वाटायचं, की काही कागदावर अंगठा घेतला तर तानीला कळेल. कागद काही निघाला नाही. अण्णा गादीवर तक्क्याला टेकून बसले होते.

"भागूबाई, माझं म्हणणं साधं आहे. रोज एक बाई बसते आणि काम तेवढंच निघतं. म्हणजे सातजणींत भागतं. मग आठवीचा रोज मी का द्यायचा?"

"आवं, सातजणी आठजणींचं ओढत्यात म्हणून भागतंय. उद्या आपला दिस हाय म्हणून आज हात चालत्यात."

"ते असू दे. जिला खरोखर हात लावता येत नाही, तिला मी देतोच. बाकीच्यांना फुकट का? काम नाही तर रोज नाही. जगाची रीत आहे."

अक्काने विचारलं, "आण्णा, मागच्या साली पेवात घातलेली हळद आता काढतासा. वर्सभर ती काय करत व्हती?"

"काय करणार? पडून होती."

"आन् भाव?"

भाव चढला होता हे सगळ्या सांगलीला माहीत होतं.

"हळद बसून ऱ्हायली, तिचे पैसे वाढले. तुमी गादीवर बसून ऱ्हायलासा, तुमचे वाढले. त्या हळदीला कुणी इचारलं न्हाई, बाई तू का बसलीस. आमची रखमा चार दिस बसली तर जगाची रीत मोडती?"

दिवाणजी खोकले. अण्णा हसले. हसले म्हणजे ऐकलं असं मात्र नाही. पैसेवाला माणूस दुसऱ्याच्या चांगल्या बोलण्याला दाद देतो आणि आपलंच करतो. म्हणाले, "बोलतेस छान. पण येत्या अमावास्येपासून बंद. कावळा खरा असेल तिलाच रोज. आणि खरा आहे की नाही ते तू शपथेवर सांगायचं."

बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाली, "शपथेचं काय न्हाई, घीन मी. पण रखमाचं प्वाट शपथेनं झाकतंय व्हय?"

तो खरा घोर होता. आम्हा बाकीच्यांचं कसंही निभावलं असतं. रखमाला मात्र बाळंत होईपर्यंत उन्हात उकिडवं बसून गड्डे निवडणं, नाहीतर घरी राहून रोज बुडवणं, एवढंच उरणार होतं. रोज बुडवायची सोय नव्हती. दत्तूच्या कमाईवर त्याचे आईबाप आणि दोन बहिणी होत्या. पहिल्या खेपेला असंच काम करता करता रखमाचं मूल पोटात गेलं होतं. ते ती बोलत नसे. पण उठताना एक हात पोटाखाली धरायची, ते आम्ही बघत होतो. म्हणून अमावास्येपर्यंतचे सगळे दिवस आम्ही तिला देऊन टाकले. हौसानेही दिले, ते काही मोठं नव्हतं म्हणा, तिला नकोच होते. चंपाने दिले, त्याचं नवल वाटलं.

रखमाने त्यातला पहिला दिवस कंट्रोलच्या रांगेत घालवला. सुजल्या पायांनी उभी राहून रॉकेल आणलं. अक्का तिला यथेच्छ बोलली, "आमी तुला बसायला दिस दिलं, हुभं ऱ्हायला न्हवं!" दुसऱ्या दिवशी पाय इतके सुजले, की ती नुसती बसली. कंदील विझला तो हाच दिवस.

पेव तळाला आलं होतं. एका कडेने पाणी झिरपून खालची हळद कुजली होती, हे नंतर कळलं. कुजलेला थर दत्तूने फावड्याने उकरला आणि वाईट वारं सुटलं. कंदील रखमाच्या घरचाच होता.

"वाईच बसतो," असं दत्तू म्हणाला आणि मग बोलेना. रखमाने दोनदा "आवं, आवं" केलं. मग नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या त्या बाईने सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं बोंबलून म्हटलं, "दत्त्या! ऊठ! ऊठ मुडद्या!"

आम्ही चाळण्या टाकून धावलो. इब्राहिमने डोक्याचा पटका सोडला, आमच्या प्यायच्या घागरीत बुडवून तोंडाला गुंडाळला. त्या वाऱ्यापुढे ओल्या फडक्याचा काही उपयोग नसतो. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्याने एक दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरा हातात घेतला. अमिनाने त्याच्या बाहीला धरलं. मग सोडलं.

"दम धरून जातो," तो म्हणाला. "दोर दोनदा हिसकला की वढा. न्हाई हिसकला तरी वढा."

तो उतरला. वर आम्ही आठजणी आणि दिवाणजी. दिवाणजी आवाज ऐकून आले होते. अक्का त्यांना म्हणाली, "बघतासा काय? धरा!" त्यांनी दोर धरला. माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. विटाळाची आठवण तेव्हा त्यांनाही झाली नाही, आणि हळदीलाही.

दत्तूला बांधलेला दोर दोनदा हिसकला. ओढला. दत्तू अंगाने दांडगा, आणि शुद्ध गेलेला माणूस दुप्पट जड होतो. रखमाही दोराला लागली. अक्का किंचाळली, "तू सोड!" तिने सोडलं नाही. दत्तूचं डोकं तोंडाशी आलं, मग खांदे अडकले. हौसाने त्याचे केस धरून त्याला वाकडा केला आणि बाहेर घेतला. त्याही वेळी ती म्हणाली, "असं सरळ वढत्यात व्हय? तिरकं घ्यायचं."

मग दुसरा, इब्राहिमच्या कमरेचा दोर. तो हिसकत नव्हता. तो नुसता जड होता. अमिना सगळ्यांत पुढे होती. तिने मागे वळून न बघता सांगितलं, "वढा गं बायांनो." आम्ही ओढलं.

दोघांना गड्ड्यांच्या ढिगावर उताणं टाकलं. पाणी मारलं, छाती चोळली, पदराने वारा घातला. आधी इब्राहिम हलला. डोळे उघडून त्याने पहिली शिवी कंट्रोलला दिली, दुसरी दत्तूला. दत्तूला वेळ लागला. रखमा त्याच्या उशाशी बसून एकसारखी त्याच्या गालावर चापट्या मारत होती. त्या नंतर नंतर बऱ्याच जोराच्या झाल्या. शेवटी तो ओकला. मग रखमा बाजूला झाली आणि पोटाखाली हात धरून लिंबाला टेकली.

अण्णा टांग्याने आले. दोघांना बघितलं, काय झालं ते ऐकलं. मग दिवाणजींनी, अजून धापा टाकत, एक गोष्ट काढली. आपल्या परीने चांगलीच काढली. म्हणाले, "अण्णा, ही इथे बसली होती म्हणून कळलं. तेव्हा असं करू. रोज एक बाई पेवाच्या तोंडाशी बसवायची. राखण म्हणून. राखणीचा रोज. म्हणजे फुकट असं कुणी म्हणणार नाही."

अण्णांना पटलं. अमिना आमच्या कानाशी म्हणाली, "घ्या गं. नाव काय बी दिवू दे, रोज तर मिळतोय." मलाही तसंच वाटलं होतं.

अक्का म्हणाली, "नगं."

"का? तुमच्या भल्याचं सांगतोय."

"राखण म्हंजी काम. एकदा काम म्हटलं की डुलकी लागली तर तुमी रोज कापणार. वाकळ शिवली तर कापणार. गावात गेली तर कापणार. मग बसायचं कवा?" ती रखमाकडे वळली. "रखमे, तू राखत व्हतीस का?"

रखमाच्या तोंडावर घाम होता. ती म्हणाली, "न्हाई बा. माजं पाय सुजलं व्हतं."

"ऐकलासा? राखायला मानूस पायजे तर येगळा ठिवा. ठिवायलाच पायजे, आजवर ठिवला न्हाई ही तुमची चूक. हिचा रोज तिच्या सुजल्या पायांचा हाय. कंदील विझला नसता तरी त्यो तिचाच व्हता."

आज मला कुणी म्हणतं, की बघा, रिकामी बसलेली बाई कशी उपयोगी पडली. मी सांगते, त्या टोळीत आम्ही कैक वर्षं बसलो. त्यातल्या बाकीच्या सगळ्या दिवसांत आम्ही कुणाचाही जीव वाचवला नाही. झोपलो, शिवलं, भांडलो, तंबाखू खाल्ली. एका दिवसाच्या पुण्याईवर त्या सगळ्या दिवसांचा रोज मागणं म्हणजे लबाडी. तो रोज आम्हाला हवा होता, कारण माणसाला कधी तरी बसावंसं वाटतं आणि बसला म्हणून त्याची भूक थांबत नाही. एवढंच कारण. नातवाला हे फार साधं वाटलं. त्याच्या पुस्तकात मोठं असेल.

अण्णांनी अक्काकडे बघितलं, ढिगावरच्या दोघांकडे बघितलं. त्या दिवशी भांडायची त्यांची छाती नव्हती. म्हणाले, "बरं, राहू द्या. पूर्वीसारखं चालू द्या. आणि दिवाणजी, पेवाशी राखणीला एक गडी बघा." अमावास्या आली आणि गेली. रखमा बसूनच राहिली. तिचे दिवस संपल्यावर मी माझे दिले, मग अमिनाने दिले. दिवाणजी लिंबापाशी आले की मान दुसरीकडे करून जायचे, अगदी पहिल्यासारखे. रखमाला आम्ही पुढे जीव वाचवल्याबद्दल कधी चिडवलं नाही. नवऱ्याला मुडद्या म्हटल्याबद्दल मात्र जन्मभर चिडवलं.

दत्तू वाचला. आठवडाभर डोकं धरून बसला, मग पुन्हा पेवात उतरू लागला. इब्राहिम वाचला. रखमा पुढच्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी जगल्या.